लग्नात स्वभावाचं वजन किती?

१९३०च्या दशकात ई. लोवेल केली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लग्न ठरलेली ३०० जोडपी अभ्यासासाठी निवडली. त्या मुलामुलींचे स्वभाव कसे आहेत, हे त्यांना ओळखणाऱ्या माणसांना विचारून नोंदवून ठेवलं. मग वाट पाहिली. थोडीथोडकी नाही, १९८०पर्यंत. २२ जोडप्यांचं ठरलेलं लग्न मोडलं. उरलेल्या २७८ जोडप्यांपैकी ५० जोडप्यांचा पुढे कधी ना कधी घटस्फोट झाला. केली आणि जेम्स कॉनली यांनी १९८७ साली या सगळ्याचा हिशेब मांडला, तेव्हा लग्नाचं पुढे काय होणार याच्याशी सगळ्यात घट्ट जोडलेल्या तीन गोष्टी निघाल्या: नवऱ्याची भावनिक अस्थिरता, बायकोची भावनिक अस्थिरता आणि नवऱ्याचा स्वतःच्या आवेगावर असलेला किंवा नसलेला ताबा.

त्याच अभ्यासातला आणखी एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. नवऱ्याच्या भावनिक अस्थिरतेमुळे घरात दुःख येतं, हे दिसलं. पण ते दुःख घटस्फोटापर्यंत जातं की वर्षानुवर्षं मुकाट्याने सोसलं जातं, हे त्याच्या बाकीच्या स्वभावावर अवलंबून होतं. म्हणजे लग्न टिकणं आणि लग्न सुखाचं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची कारणंही थोडी वेगळी आहेत. आपल्याकडे चाळीस-पन्नास वर्षं संसार झाला की तो चांगलाच झाला असणार, असं गृहीत धरलं जातं. त्या घरात राहिलेल्या मुलांना विचारलं तर पुष्कळदा वेगळं उत्तर मिळतं.

आता स्वभाव म्हणजे नेमकं काय मोजायचं? मानसशास्त्रज्ञांनी याची सुरुवात चक्क शब्दकोशापासून केली. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे जवळपास १८ हजार शब्द वेचले. पुढच्या काही दशकांत वेगवेगळ्या संशोधकांनी त्यांची चाळणी केली, एकमेकांसोबत येणारे गुण एकत्र बांधले आणि शेवटी पाच मोठे गट उरले. भावनिक अस्थिरता, म्हणजे चिंता, चीड, उदासी किती पटकन येते आणि किती वेळ टिकते. कर्तव्यदक्षता, म्हणजे शिस्त, शब्द पाळणं, हातातलं काम तडीस नेणं. सौजन्य, म्हणजे दुसऱ्याचा विचार, विश्वास, नमतं घेण्याची तयारी. बहिर्मुखता, म्हणजे माणसांत रमणं. आणि नव्याची ओढ, म्हणजे नवे विचार, नव्या चवी, नव्या वाटा यांबद्दलचा मोकळेपणा.

यात 'अशा प्रकारची माणसं' आणि 'तशा प्रकारची माणसं' असे कप्पे नाहीत. उंचीसारखं आहे ते. अगदी ठेंगणे आणि अगदी ताडमाड थोडे, बहुतेक लोक मधले. म्हणून मोबाईलवरच्या चाचण्या चार अक्षरं देऊन 'तुम्ही अमुक प्रकारचे' असं सांगतात, तेव्हा त्यावर सोयरीक ठरवू नये. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून दिसतं की माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकांपैकी साधारण ४० ते ५० टक्के भाग आनुवंशिक असतो. उरलेला वाढ, अनुभव, संगत आणि परिस्थितीतून येतो.

सगळ्यात जड गुण

या पाचांत संसारावर सर्वांत जास्त भार टाकणारा गुण भावनिक अस्थिरता. केलींच्या अभ्यासानंतर वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा हेच दिसलं आहे. म्हणून इथे जरा थांबू.

समजा, दुपारी बायकोने नवऱ्याचे तीन फोन उचलले नाहीत. शांत स्वभावाचा माणूस म्हणेल, मीटिंगमध्ये असेल, आणि कामाला लागेल. अस्थिर स्वभावाच्या माणसाच्या मनात पाच मिनिटांत तीन कथा तयार होतात: अपघात झाला असेल, सकाळच्या बोलण्याचा राग धरला असेल, किंवा आपल्याला ती किंमतच देत नाही. प्रसंग एकच. पण संध्याकाळी घरी भेटतात तेव्हा पहिल्या घरात 'काय गं, बिझी होतीस?' असा प्रश्न येतो आणि दुसऱ्या घरात 'फोन कशाला ठेवलाय मग?' असा. दुसऱ्या घरातली बायको पहिल्यांदा कारण सांगते, दुसऱ्यांदा चिडते आणि काही महिन्यांनी लहानसहान गोष्टी सांगायचंच टाळते. मैत्रिणीकडे थांबले हे कशाला सांगायचं, उगाच विषय वाढेल. मग कधीतरी ते नवऱ्याला कळतं आणि त्याची शंका आता पुराव्यासकट त्याच्यासमोर उभी राहते. दोघांपैकी कोणीच खोटारडं नाही, वाईट नाही. तरी दोघांमध्ये अविश्वास तयार झाला.

मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू ख्रिस्टेन्सन यांनी जोडप्यांतल्या अशाच एका फेऱ्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. एकजण मागे लागतो, दुसरा अंग काढून घेतो. जितकं मागे लागावं तितकं समोरचा टीव्हीचा आवाज वाढवतो, आणि तो जितका आवाज वाढवतो तितकी मागे लागणाऱ्याची तगमग वाढते. आपल्या घरांत यातली मागे लागणारी बहुधा बायको असते आणि तिला 'कटकटी' म्हटलं जातं. पण ज्याला परिस्थिती बदलायची आहे तो मागे लागतो आणि ज्याची आहे त्यात सोय आहे तो गप्प राहतो, हेही या संशोधनातून पुढे आलं आहे. तेव्हा कटकट हा स्वभाव आहे की बदलाची मागणी पुन्हा पुन्हा नाकारली गेल्याचा परिणाम, हे तपासल्याशिवाय शिक्का मारू नये.

ज्यांच्यात ही अस्थिरता जास्त आहे ती माणसं मनाने हलकी नसतात. पुष्कळदा तीच घरातली सर्वांत हळवी, दुसऱ्याचा चेहरा पटकन वाचणारी आणि सगळ्यांची काळजी वाहणारी असतात. त्रास त्यांना स्वतःलाच सर्वांत जास्त होतो. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायची. शांत माणूस काही महिन्यांत एकदम चिडचिडा, उदास किंवा विचित्र वागायला लागला तर त्याला स्वभाव म्हणू नका. नैराश्य, थायरॉइडचा बिघाड, बाळंतपणानंतरची उदासी, रजोनिवृत्तीच्या आसपासचे बदल, उतारवयातला स्मृतिभ्रंश यांपैकी काहीही असू शकतं. डॉक्टरकडे नेण्याऐवजी अशा माणसाशी भांडत बसलेली घरं पाहिली की जीव तुटतो, कारण त्यातलं बरंच काही उपचाराने सुधारण्यासारखं असतं.

बेंजामिन कार्नी आणि थॉमस ब्रॅडबरी यांनी नुकतंच लग्न झालेल्या ६० जोडप्यांचा चार वर्षं मागोवा घेतला. १९९७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतो. ज्यांच्यात भावनिक अस्थिरता जास्त, त्यांचं लग्नातलं समाधान पहिल्यापासूनच कमी होतं. पण पुढे ते समाधान किती वेगाने घसरत गेलं, याचा संबंध जास्त करून दोघं अडचणीच्या विषयावर एकमेकांशी कसं बोलतात याच्याशी होता. स्वभावाने सुरुवात कुठून होणार ते ठरवलं. तिथून कुठे जायचं हे मुख्यतः वागण्याने ठरवलं.

नीटनेटकेपणा, आणि तो कुणाच्या वाट्याला येतो

कर्तव्यदक्ष जोडीदार मिळणं हे भाग्याचं, हे आजी-आजोबांना माहीतच होतं. ब्रिटनी सॉलोमन आणि जोशुआ जॅक्सन यांनी २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या सुमारे साडेचार हजार विवाहितांची पाच वर्षांची माहिती तपासली, तेव्हा जोडीदाराची कर्तव्यदक्षता माणसाच्या नोकरीतही उतरते असं दिसलं. ज्यांचा जोडीदार शिस्तीचा आणि शब्दाचा पक्का, त्यांचं उत्पन्न, बढती आणि कामातलं समाधान तुलनेने बरं होतं. घरचं अर्धं ओझं दुसऱ्याने नीट पेललं की माणूस कामाच्या जागी मोकळ्या डोक्याने जातो. शिवाय रोज पाहून काही सवयी आपल्याही अंगवळणी पडतात.

पण हा गुण आपल्या घरांत मोजायला गेलं की एक अडचण येते. भारत सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी २९९ मिनिटं वेळ बिनपगारी घरकामात जात होता. घरकामात हात घालणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. आता ज्या घरात गॅसचा नंबर, दूधवाल्याचा हिशेब, मुलाच्या प्रोजेक्टची तारीख, सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, भाचीच्या लग्नाचा आहेर हे सगळं एकाच बाईच्या डोक्यात असतं, तिथे 'तिला सगळं जागच्या जागी लागतं, तिचा स्वभावच तसा' असं म्हणणं अर्धवट आहे. पाहुणे आले आणि घर विस्कटलेलं दिसलं तर बोल तिलाच लागणार असतो. ज्याला बोल लागतो तो दक्ष राहतो. मग त्याच्या दक्षतेला आपण स्वभाव म्हणतो आणि ज्याला कधीच बोल लागला नाही त्याच्या आळसालाही स्वभावच म्हणतो. हाच माणूस ऑफिसात एकही डेडलाइन चुकवत नसेल, तर त्याच्यात कर्तव्यदक्षता भरपूर आहे, फक्त घर त्याला आपलं काम वाटत नाही.

सौजन्याचंही असंच एक वळण आहे. नमतं घेणारा, समजून घेणारा जोडीदार मिळाला की समोरच्याचं समाधान वाढतं, यात शंका नाही. पण नमतं घेणाऱ्याचं काय होतं? लॉरा लुचीस, इलाय फिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली हाच प्रश्न विचारला. जोडीदाराला माफ करत राहणाऱ्यांचा स्वाभिमान कधी वाढतो आणि कधी खचतो? उत्तर मिळालं ते जोडीदाराच्या वागण्यावर ठरणारं होतं. समोरचा चूक मान्य करून सुधारत असेल, आपल्याला जपत असेल, तर माफ केल्याने माणसाला स्वतःबद्दल बरं वाटतं. समोरचा तसाच वागत राहिला तर तीच माफी माणसाला आतून लहान करत जाते. 'तूच समजूतदार आहेस, तू घे ना सांभाळून' हे वाक्य घरोघरी ज्या एका व्यक्तीला ऐकवलं जातं, तिच्यासाठी हा निष्कर्ष मी मुद्दाम लिहितोय.

बहिर्मुख-अंतर्मुख या फरकाची चर्चा खूप होते, पण संसारावर त्याचा परिणाम तुलनेने कमी. गणपतीत घरात चाळीस माणसं आली की एकाला बहर येतो आणि दुसऱ्याला आरती झाल्यावर अर्धा तास गच्चीवर एकटं बसावंसं वाटतं. तो अर्धा तास मिळाला तर प्रश्न मिटतो. 'माझ्या माणसांमध्ये बसायला नको असतं' असा अर्थ काढला तरच भांडण होतं. नव्याची ओढ हा गुण रोजच्या दिवसांत फारसा टोचत नाही, तो मोठ्या निर्णयांत डोकं वर काढतो: नोकरी सोडून धंदा करायचा का, मुलीला इंजिनीअरिंगऐवजी चित्रकला शिकू द्यायची का, देवधर्म किती पाळायचा.

जुळणं म्हणजे काय

लग्न जमवताना आपल्याकडे मुख्य प्रश्न असतो जुळतं का. पत्रिकेत अष्टकूटाचे ३६ गुण, त्यातले निदान १८ जुळायला हवेत. त्या आठांत गणाला ६ गुण आहेत, आणि देवगण, मनुष्यगण, राक्षसगण ही स्वभावाचीच एक जुनी वर्गवारी आहे. पत्रिका न मानणारे 'आवडीनिवडी जुळतात का' हे पाहतात. दोन्हींमागची कल्पना एकच, की सारखेपणात किंवा पूरकपणात सुख आहे.

पोर्शिया डायरेनफोर्थ आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि जर्मनी या तीन देशांतल्या हजारो जोडप्यांवर हे तपासलं. नात्यातल्या समाधानातल्या फरकांपैकी सुमारे ६ टक्के भाग माणसाच्या स्वतःच्या स्वभावाने समजावता आला. जोडीदाराच्या स्वभावाने १ ते ३ टक्के. आणि दोघांचे स्वभाव किती सारखे आहेत, याने अर्धा टक्काही नाही. सावकाश वाचावं असं हे आहे. माझ्या संसारातल्या सुखाशी माझ्याच स्वभावाचा संबंध सर्वांत जास्त, त्याच्या खालोखाल तुझ्या स्वभावाचा, आणि आपले स्वभाव सारखे असण्या-नसण्याचा जवळजवळ नाहीच.

पाश्चात्त्य सूर्यराशींबद्दल डेव्हिड व्होआस या समाजशास्त्रज्ञाने इंग्लंड-वेल्सच्या २००१च्या जनगणनेतली सुमारे एक कोटी जोडपी तपासली होती. कुठलीही रास कुठल्याही राशीकडे जास्त ओढली जाते असं काही आढळलं नाही. आपलं गुणमेलन चंद्रराशी-नक्षत्रावर असतं, त्यामुळे हा अभ्यास त्याला जसाच्या तसा लागू होत नाही. पण स्वभाव पाहायचा असेल तर जन्मवेळेपेक्षा माणसाकडे पाहणं सोपं आणि खात्रीचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

माणसाकडे पाहायचं कसं? केलींनी ओळखीच्या माणसांना विचारलं, हे इथे उपयोगी पडतं. आपल्याकडे स्थळाची चौकशी करण्याची पद्धत आहेच, फक्त ती पगार, फ्लॅट, व्यसन आणि 'घरचे कसे आहेत' यापाशी संपते. होस्टेलवर किंवा भाड्याच्या खोलीत सोबत राहिलेल्या मित्रमैत्रिणींना विचारावं. राग आला की काय करतो? किती वेळात निवळतो? चुकलं तर 'चुकलं' म्हणतो का? उसने पैसे परत करायची आठवण त्याला स्वतःला होते का? हॉटेलातल्या वेटरशी, घरकामाच्या मावशींशी, रिक्षावाल्याशी कसं बोलते? कांदेपोह्यांच्या बैठकीत पंधरा मिनिटं दोघांनाही उत्तम वागता येतं. प्रवासात गाडी चार तास लेट झाली की माणूस कळायला लागतो. आणि हेच प्रश्न आपल्या स्वतःबद्दल आपल्या रूममेटला विचारायची हिंमत केली, तर डायरेनफोर्थ यांचा तो ६ टक्क्यांचा भाग हाती लागतो.

घरात दोनच माणसं नसतात

वर सांगितलेले बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य देशांतले, जिथे घर म्हणजे दोघं आणि मुलं. आपल्याकडे सासू-सासरे सोबत असतात, कधी दीर, कधी नणंद. दोन माणसांत नातं एकच असतं. पाच माणसं झाली की एकमेकांशी दहा नाती तयार होतात. त्या दहांपैकी एकात ताण आला तरी बाकीच्यांना तो जाणवतो. म्हणून शांत नवरा आणि शांत बायको असूनही घर पेटलेलं असू शकतं, कारण आवेग आवरत नसलेली व्यक्ती त्या जोडीच्या बाहेरची असते. परदेशी आकडे आपल्या घरांना लावताना हा फरक लक्षात ठेवायला हवा. वेगळं बिऱ्हाड हा प्रश्न आपण नेहमी निष्ठेचा करतो. पुष्कळदा तो दहा नात्यांवरून मोजक्या नात्यांवर येण्याचा असतो, आणि तसं झाल्यावर सासू-सुनेचं नातं सुधारलेली घरं काही कमी नाहीत.

मुलांच्या बाबतीत मात्र जुळण्याला खरंच महत्त्व आहे. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दाम्पत्याने १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये अभ्यास सुरू केला आणि १३३ मुलांना तान्हेपणापासून मोठं होईपर्यंत पाहिलं. सुमारे ४० टक्के मुलं सहज सांभाळता येणारी, १० टक्के अवघड, १५ टक्के नव्या गोष्टीला हळूहळू सरावणारी आणि उरलेली मिश्र. अवघड मूल पुढे अवघडच राहतं असं नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. मुलाचा पिंड आणि आईबापांची अपेक्षा यांचा मेळ बसला की अशी मुलं छान वाढतात, आणि मेळ बसला नाही की सोपं मूलही त्रासात येतं. लाजाळू मुलाला प्रत्येक पाहुण्यासमोर 'कविता म्हणून दाखव' म्हणून उभं करणारं घर आणि त्याला आधी दारामागून बघू देणारं घर, यांत तेच मूल दोन वेगळ्या प्रकारे वाढेल. नवरा-बायकोत दोघंही जाणते असतात. मुलाशी जुळवून घेताना बदलायचं काम मोठ्यांचं आहे, कारण तीन वर्षांच्या पोराला आपला पिंड बदलता येत नाही. थोरलीशी धाकट्याची तुलना करणाऱ्या आईबापांना माझी कळकळीची विनंती आहे की तेवढं थांबवा.

'त्याचा स्वभावच रागीट'

इथे एक रेघ स्पष्ट ओढायला हवी. भांडणात आवाज चढणं, रुसणं, दोन दिवस अबोला धरणं हे स्वभावाचे भाग असू शकतात. सर्वोच्च न्यायालयानेही २००७ सालच्या समर घोष विरुद्ध जया घोष या निकालात म्हटलं आहे की संसारातल्या रोजच्या किरकोळ कुरबुरी म्हणजे मानसिक क्रूरता नव्हे. पण हात उचलणं, धमकावणं, माहेरी बोलू न देणं, पगार काढून घेणं, सतत अपमान करणं याला स्वभाव म्हणायचं नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात शारीरिक छळाबरोबरच शाब्दिक, भावनिक, लैंगिक आणि आर्थिक छळही येतो.

रागीट स्वभावाचा माणूस साहेबावर हात उचलत नाही. पोलिसावरही नाही. म्हणजे ताबा ठेवणं त्याला जमतं. घरी आल्यावर तो ताबा सोडतो, कारण तिथे सोडला तरी चालतं असं त्याला वाटतं. अशा घरात 'एकमेकांचे स्वभाव समजून घ्या' हा सल्ला देणं धोक्याचं आहे, आणि तो देणाऱ्या नातेवाइकांनी आपण कुणाला कुठे परत पाठवतोय याचा विचार करावा. स्त्रियांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, आणि या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते.

बदल होतो का

'स्वभावाला औषध नाही' असं आपण म्हणतो. पूर्ण बदल होत नाही, हे खरं. लाजाळू माणूस पन्नाशीत मैफली गाजवायला लागत नाही. पण ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली २०७ अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा मानसोपचारांनंतर स्वभावात मोजता येईल एवढा बदल झालेला दिसला. हे उपचार सरासरी २४ आठवडे चालले होते. आणि सर्वांत जास्त बदल कशात? भावनिक स्थैर्यात. संसाराला सर्वांत जड जाणारा जो गुण, त्याच्यावरच उपचाराचा परिणाम सर्वांत चांगला होतो. इतकी दिलासा देणारी गोष्ट या विषयात दुसरी नाही.

नुसत्या इच्छेने मात्र काही होत नाही. नेथन हडसन आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना दर आठवड्याला छोटी, ठरावीक कामं निवडायला दिली. ज्यांनी ती पुरी केली त्यांच्यात १५ आठवड्यांत बदल दिसू लागला. ज्यांनी नुसती निवडली आणि केली नाहीत, त्यांना उपयोग झाला नाही. तेव्हा 'मी आता चिडणार नाही' हा संकल्प फोल आहे. 'राग आला तर मी वीस मिनिटं खाली फेरी मारून येईन, आणि परत आल्यावर विषय मीच काढीन' ही कृती आहे. यातला दुसरा भाग विसरला तर ती फेरी म्हणजे नुसतं पळून जाणं होतं.

सामांथा जोएल आणि अनेक प्रयोगशाळांतल्या संशोधकांनी २०२० साली ११,१९६ जोडप्यांची माहिती संगणकाच्या मदतीने चाळली. नात्यातलं समाधान कशाने सांगता येतं? माणसाच्या स्वतःच्या गुणांपेक्षा नात्याबद्दलच्या गोष्टींनी दुपटीहून जास्त सांगता आलं. जोडीदार या नात्याला किती धरून आहे असं मला वाटतं, मला त्याची किती कदर वाटते, शरीरसुख कसं आहे, भांडणं किती होतात. या सगळ्या गोष्टींवर दोघांना काम करता येतं, रोज, छोट्या मापाने. चहा आयता हातात आला तर 'बरं वाटलं' म्हणायला पैसे पडत नाहीत, पण आपल्या घरांत असं म्हणणं औपचारिक वाटतं म्हणून कुणी म्हणत नाही. आणि शरीरसुखाबद्दल तर लग्नाला वीस वर्षं झालेले नवरा-बायकोही एकमेकांशी बोलत नाहीत.

समुपदेशकाकडे जायचं म्हटलं की बहुतेक वेळा एकजण अडतो. 'मला काही झालेलं नाही, तूच जा' असं ऐकवलं जातं. तर एकट्याने जा. मागे लागणं आणि पळणं हा फेरा दोघांच्या वागण्यातून तयार होतो, त्यामुळे एकाने आपली पावलं बदलली तरी तो आधीसारखा चालू राहणं अवघड होतं. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात, पण तिथे जाईपर्यंत बहुधा दोन्हीकडचे वकील ठरलेले असतात. त्याच्या बरंच आधी, म्हणजे तेच भांडण त्याच शब्दांत तिसऱ्यांदा झालं की, ती वेळ झाली असं समजावं.